रुग्णसुरक्षेचं प्रशिक्षण: कुठला कोर्स कुणाच्या कामाचा, आणि पैसे कुठे वाया जातात

एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलांना गुणवत्तेची मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ. त्याची तपासणी जवळ आली की खासगी हॉस्पिटलांत ट्रेनिंगची एकच घाई सुटते. कन्सल्टंटला फोन जातो, दोन दिवसांचं पॅकेज ठरतं, कॉन्फरन्स हॉलमध्ये फ्लेक्स लागतो. शेवटी ग्रुप फोटो, सर्टिफिकेटं, आणि हजेरीचा कागद फाइलला. तपासणीत ती फाइल चालूनही जाते. पण त्यानंतरच्या आठवड्यात रात्रपाळीच्या सिस्टरने इन्सुलिन भरताना कुठली सिरिंज उचलली, यात त्या दोन दिवसांनी काही फरक पडला का, हे सहसा कुणी बघत नाही. इथे प्रत्येक कोर्स आम्ही त्याच एका कसोटीवर लावला आहे: वॉर्डात काय बदलतं? सर्टिफिकेटवर कुणाचा लोगो आहे हा मुद्दा दुय्यम.

बाजारात सध्या साधारण पाच प्रकार मिळतात. हॉस्पिटलात येऊन शिकवणाऱ्या एजन्सीचं पॅकेज, एनएबीएचचा स्वतःचा अंमलबजावणी कार्यक्रम, सरकारी दवाखान्यांसाठीचं एनक्यूएएसचं (राष्ट्रीय गुणवत्ता मानकांचं) प्रशिक्षण, आयएचआय या अमेरिकी संस्थेचे ऑनलाइन धडे आणि सीपीएचक्यूची, म्हणजे आरोग्यसेवेतल्या क्वालिटीचं काम करणाऱ्यांसाठीची परीक्षा. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा पदविका अभ्यासक्रम आहे, पण त्याचा गिऱ्हाईक वेगळा. सगळ्यात जास्त खपतं ते एजन्सीचं पॅकेज आणि सगळ्यात जास्त गाळही त्यातच, म्हणून सुरुवात तिथूनच.

एजन्सीचं दोन दिवसांचं पॅकेज

यात चांगल्या एजन्सी आहेत, वाईटही आहेत. नावं घेण्यापेक्षा ओळखायचं कसं ते सांगतो. पहिल्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: "औषधसुरक्षेच्या तासाला तुम्ही काय घेऊन येणार?" लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह असं उत्तर आलं तर पुढे बोलू नका. रिकाम्या वायल, दोन्ही प्रकारच्या सिरिंज, पोटॅशियमची अँप्यूल, तुमच्याच वॉर्डातले जुने ड्रग चार्ट असं उत्तर आलं तर खुर्ची द्या.

याचं कारण इन्सुलिनवरून लगेच कळतं. आपल्याकडे इन्सुलिनची वायल 40 युनिट प्रति मिलिलीटरची मिळते आणि 100 चीही. चाळीसच्या सिरिंजची टोपी लाल, शंभरच्या सिरिंजची नारिंगी. पेनमधली कार्ट्रिज शंभरची असते. आता ऑर्डर आहे 10 युनिटची. पेन सापडत नाही किंवा सुई संपलेली आहे, म्हणून सिस्टरने कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने 10 च्या खुणेपर्यंत इन्सुलिन ओढलं. त्या खुणेला सिरिंजमध्ये पाव मिलिलीटर बसतं, आणि शंभरच्या औषधाचं पाव मिलिलीटर म्हणजे 25 युनिट. अडीचपट डोस गेला, चार्टवर मात्र 10 च लिहिलेलं. उलट चूक केली, म्हणजे चाळीसची वायल आणि नारिंगी टोपी, तर 10 च्या खुणेला फक्त 4 युनिट जातात. मग साखर उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवतात आणि पुढच्या पाळीत कुणीतरी बरोबर सिरिंज वापरली की रुग्ण एकदम खाली येतो. हा हिशेब प्रत्येक सिस्टरने हातात सिरिंज धरून, रंगीत पाणी भरून, स्वतः करायला हवा. वीस मिनिटं लागतात. "हाय अलर्ट औषधे: इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम" अशी स्लाइड तीस सेकंदांत सरकते आणि तिचा उपयोग शून्य.

पोटॅशियमचंही तेच. पंधरा टक्क्यांची 10 मिलीची अँप्यूल म्हणजे 20 मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक). थेट शिरेत कधीच द्यायची नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण लटकवलेल्या सलाईनच्या बाटलीत अँप्यूल टोचून ती न हलवता तशीच चालू ठेवली, तर जड द्रावण तळाशी, म्हणजे नळीच्या तोंडाशी साचतं आणि रुग्णाला सुरुवातीलाच ते दाट जातं, हे फार थोड्या वर्गांत सांगितलं जातं. बाटली खाली काढा, औषध टाका, चार-पाच वेळा उलटीपालटी करा, लेबल लावा, मग लटकवा. 500 मिली सलाईनमध्ये 20 घातले असतील तर हाताच्या शिरेतून दोन तासांच्या आत संपवायचं नाही, कारण साध्या वॉर्डात ताशी 10 ही नेहमीची मर्यादा. ट्रेनरला ही संख्या विचारा. अडखळला तर त्याने वॉर्डात काम केलेलं नाही.

ओळख पटवण्याचा भाग सगळेच शिकवतात आणि बहुतेक जण चुकीचा शिकवतात. दोन खुणा तपासा, नाव आणि यूएचआयडी (हॉस्पिटलने दिलेला रुग्णक्रमांक), एवढं सांगून मोकळे. प्रश्न विचारायचा कसा, हे खरं कौशल्य. "तुम्ही पाटील ना?" असं विचारलं की अर्धवट झोपेतले आजोबा हो म्हणतात, कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्याही जनरल वॉर्डात त्या रात्री तीन पाटील असतात. "आजोबा, तुमचं पूर्ण नाव सांगा," असं विचारायचं, सांगितलेलं नाव हातातल्या पट्ट्याशी जुळवायचं, आणि बेड नंबर ही ओळख कधीही धरायची नाही. बेड बदलतात, कधी नातेवाईकच पंख्याखालचा बेड मागून घेतात. चांगला ट्रेनर हा संवाद जोडीजोडीने म्हणून घेतो, एकाला ऐकू कमी येणारा रुग्ण करतो, दुसऱ्याला घाईतली सिस्टर.

पाळी बदलतानाच्या ओव्हरसाठी, म्हणजे रुग्णांची माहिती पुढच्या पाळीला सोपवण्यासाठी, एसबीएआर हा चार पायऱ्यांचा आराखडा शिकवतात: परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, मागणी. आराखडा उत्तम आहे. गाडी अडते ती शेवटच्या पायरीला. रात्री दोन वाजता आरएमओला, म्हणजे निवासी डॉक्टरला, फोन करून "सर, पेशंट बरोबर वाटत नाही," एवढंच सांगून सिस्टर थांबते. "तुम्ही दहा मिनिटांत येऊन बघावं असं मला वाटतं," हे वाक्य तिच्या तोंडून निघत नाही, कारण मागच्या वेळी ओरडा खाल्लेला असतो. म्हणून या तासाला डॉक्टर हजर नसतील तर तो तास घेऊ नका. फोनवरची ऑर्डर लिहून, वाचून दाखवून, समोरच्याकडून होकार घेण्याचा सरावही दोघांना एकत्रच करावा लागतो. "फिफ्टीन" आणि "फिफ्टी" फोनवर सारखेच ऐकू येतात. "एक-पाच" असा आकडा सुटा सुटा म्हणायला लावणारा ट्रेनर दिसला की समजावं, माणूस जाणकार आहे.

हात धुण्याच्या तासाला हल्ली अतिनील दिव्याखाली चमकणारं जेल आणतात. मजा येते, अंगठा आणि बोटांची टोकं राहिलेली दिसतात. पद्धत सुधारते, सवय नाही. हँडरबला (हातावर चोळायच्या जंतुनाशकाला) 20 ते 30 सेकंद, साबण-पाण्याला 40 ते 60 सेकंद, हे सगळे सांगतात. पण रुग्णाला हात लावण्याआधीचा क्षण चुकतो तो बाटली बेडपासून आठ पावलं लांब भिंतीवर असते म्हणून. ट्रेनरने तासाआधी वॉर्डात फेरी मारून बाटल्यांच्या जागा पाहिल्या का, तेवढंच तपासा.

आगीचं प्रशिक्षण हा पॅकेजमधला सगळ्यात दिखाऊ भाग. पार्किंगमध्ये पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल पेटवतात, चार जण पिन ओढून फवारा मारतात, टाळ्या होतात. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून 10 बाळं गेली, ती मध्यरात्रीनंतर. त्याच वर्षी 21 एप्रिलला नाशिकला ऑक्सिजनच्या टाकीतून गळती होऊन पुरवठ्याचा दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. या दोन्हींतून शिकायचं ते पार्किंगमध्ये शिकता येत नाही. आपल्या मजल्याचा ऑक्सिजनचा झोनल व्हॉल्व्ह कुठे आहे, तो बंद करायचा निर्णय कुणाचा, बंद केल्यावर आत ऑक्सिजनवर असलेल्यांना कशावर घ्यायचं, प्रत्येक व्हेंटिलेटरशेजारी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आहे का, जंबो सिलिंडरला स्पॅनर बांधलेला आहे का, रुग्णांना आधी जिन्याने खाली न्यायचं की त्याच मजल्यावर आगीच्या दाराच्या पलीकडे सरकवायचं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी त्याच मजल्यावर सरकवायचं, असं आहे आणि सिक्युरिटीच्या माणसाला ते माहीत नसतं, कारण त्याला ट्रेनिंगला बोलावलेलंच नसतं. ड्रिल रात्री अकराला, आयसीयूत, चादरीवरून गोण्या ओढत घ्या. एजन्सी तयार होत नसेल तर आगीचा तास पॅकेजमधून काढून पैसे कमी करायला सांगा.

बीएलएस, म्हणजे हृदय थांबल्यावर करायच्या प्राथमिक जीवरक्षणाचं शिक्षण, या पॅकेजमध्ये "मोफत" म्हणून जोडून देतात, तेव्हा सावध राहा. छाती 5 ते 6 सेंटिमीटर दाबणं, मिनिटाला 100 ते 120 वेळा, 30 दाबांना 2 श्वास, हे हाताला कळायला प्रत्येकाला मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) सलग दोन मिनिटं मिळायला हवीत. एका मॅनिकिनमागे तिघांपेक्षा जास्त जण असतील तर निम्मे जण नुसते बघून घरी जातात. चाळीस जणांत एकच मॅनिकिन आणणाऱ्याचं सर्टिफिकेट घेऊन काय करायचं?

मूळ कारण शोधण्याचा तास

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर, सगळे पेंगत असताना मूळ कारणाच्या विश्लेषणाचा तास येतो. माशाच्या काट्याची आकृती, पाच वेळा "का", आणि मग गटचर्चा. यातच एजन्सीचा कस लागतो, कारण बहुतेक गटांचं शेवटचं उत्तर एकच असतं: "कारण: निष्काळजीपणा. उपाय: संबंधितांना समज दिली, पुन्हा ट्रेनिंग दिलं." ट्रेनरने हे उत्तर फळ्यावर तसंच राहू दिलं तर तास फुकट गेला.

उपायांची ताकद सारखी नसते. समज देणं, सूचना लावणं, पुन्हा शिकवणं हे सगळ्यात कमजोर. माणसाच्या स्मरणशक्तीवर ते टेकलेलं असतं आणि पहाटे चारला ती टेकू देत नाही. दोघांनी तपासणं, चेकलिस्ट, कामाचा ताण कमी करणं हे मधले. रचनाच बदलणं सगळ्यात भक्कम. पोटॅशियमची चूक झाली असेल तर कमजोर उपाय म्हणजे सिस्टरला मेमो; भक्कम उपाय म्हणजे जनरल वॉर्डाच्या ट्रॉलीतून त्या अँप्यूल काढून फार्मसीत आणि आयसीयूत कुलपात ठेवणं, आणि वॉर्डाला तयार मिसळलेली बाटली पाठवणं. इन्सुलिनची चूक असेल तर हॉस्पिटलात एकाच ताकदीचं इन्सुलिन आणि एकाच रंगाच्या टोपीची सिरिंज विकत घेणं. हा निर्णय सिस्टरच्या हातात नाही, खरेदी विभागाच्या हातात आहे. म्हणून या तासाला खरेदीवाला, फार्मासिस्ट आणि मालक किंवा मेडिकल सुपरिंटेंडेंट नसतील तर निष्कर्ष कागदावरच राहतात.

याच तासात चुकीला शिक्षा कधी आणि कधी नाही, हेही स्पष्ट व्हायला हवं. अनवधानाने घडलेली चूक असेल तर धीर द्यायचा आणि रचना दुरुस्त करायची; सवयीने घेतलेला शॉर्टकट असेल तर समजावायचं आणि तो शॉर्टकट का घ्यावा लागतो ते शोधायचं; धोका माहीत असून बेफिकिरी केली तर कारवाई. व्यवस्थापनाने ही तीन खणांची मांडणी लिहून सही करून दिली नाही, तर घटना नोंदवण्याचा फॉर्म कितीही सोपा करा, कुणी भरणार नाही. शंभर बेडच्या हॉस्पिटलात महिनाभर एकही "थोडक्यात वाचलं" अशी नोंद नसणं ही कौतुकाची गोष्ट नव्हे. चांगल्या ट्रेनिंगनंतर नोंदी वाढतात. एजन्सीने "आमच्या ट्रेनिंगनंतर घटना कमी झाल्या" असा आलेख दाखवला तर आधी विचारा, घटना कमी झाल्या की नोंदी?

एनएबीएचचा अंमलबजावणी कार्यक्रम

हा स्टाफ नर्ससाठी नाही, हे आधी लक्षात घ्या. दोन-तीन दिवसांत मानकांची दहाही प्रकरणं क्रमाने घेतली जातात. सध्याची सहावी आवृत्ती जानेवारी 2025 ची, 100 मानकं आणि 639 घटकांची. पाचवीत, 2020 साली, घटक 651 होते. जो माणूस हॉस्पिटलची कार्यपद्धती लिहिणार, समित्या बसवणार, निर्देशक मोजणार, त्याला हा कार्यक्रम हवाच. कुठला घटक गाभ्यातला, म्हणजे सुटला तर चालतच नाही, आणि कुठला हळूहळू गाठायचा, हे पुस्तक वाचून नीट उमगत नाही. शिकवणारे स्वतः तपासणी करणारे असले की कळतं.

त्याची मर्यादाही तिथेच आहे. मानक "काय" सांगतं, "कसं" हॉस्पिटलने ठरवायचं. त्यामुळे परत आलेला क्वालिटी मॅनेजर बऱ्याचदा दुसऱ्या हॉस्पिटलची एसओपी (लेखी कार्यपद्धती) आणून नाव बदलतो, आणि तीस बेडच्या नर्सिंग होमच्या कागदावर "क्लिनिकल फार्माकॉलॉजिस्टने रोज आढावा घ्यावा" असं वाक्य उरतं. तपासनीस वॉर्डात उभं राहून सिस्टरलाच विचारतो, तेव्हा ते उघडं पडतं. 50 बेडपर्यंतच्या हॉस्पिटलांसाठी वेगळी, आटोपशीर मानकं आहेत. छोट्या हॉस्पिटलने मोठ्या हॉस्पिटलांच्या बॅचला माणूस पाठवू नये.

दोन माणसं पाठवा, एक नर्सिंगमधला आणि एक प्रशासनातला. एकटा माणूस पाठवला आणि तो सहा महिन्यांत दुसरीकडे गेला की सगळं मुसळ केरात. या क्षेत्रात माणसं फार पटकन सोडून जातात.

निर्देशकांचा भाग मात्र कुठल्याच छोट्या कार्यक्रमात पुरेसा होत नाही, आणि चुका तिथेच होतात. सेंट्रल लाइनमुळे, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे, होणाऱ्या जंतुसंसर्गाचा दर घ्या. महिन्यात आयसीयूत 600 रुग्णदिवस झाले, त्यांतले 400 दिवस रुग्णांना लाइन होती, संसर्ग दोघांना झाला. दर काढायचा तो लाइनच्या दिवसांवर: दोन भागिले 400, गुणिले 1000, म्हणजे 5. बरेच जण 600 ने भागतात आणि 3.3 लिहितात. फाइल छान दिसते, धोका लपतो. लाइनचे दिवस रोज ठरावीक वेळी मोजायचे असतात, महिन्याच्या शेवटी आठवून नव्हे. कुठल्याही कोर्सच्या अभ्यासक्रमात हे गणित स्वतः सोडवायला किमान दोन तास आहेत का, ते पाहून घ्या.

सरकारी दवाखान्यांसाठी एनक्यूएएस

जिल्हा रुग्णालय ते प्राथमिक आरोग्य केंद्र, सगळ्यांसाठी 2013 पासूनची ही राष्ट्रीय मानकं, आणि त्यांचं प्रशिक्षण आरोग्य खात्याकडून होतं, कर्मचाऱ्याच्या खिशातून काही जात नाही. आमच्या मते स्टाफला शिकवण्याच्या दृष्टीने ही सगळ्यात हुशारीने बांधलेली पद्धत आहे. मानकांचे आठ विभाग आणि प्रत्येक कक्षाची वेगळी चेकलिस्ट. प्रत्येक मुद्द्याला पूर्ण 2, अर्धवट 1, नाही 0. आणि प्रत्येक मुद्द्यापुढे तो तपासायचा कसा हे लिहिलेलं: डोळ्यांनी पाहून, कर्मचाऱ्याला विचारून, नोंदी चाळून की रुग्णाला विचारून. प्रसूती कक्षाच्या इनचार्ज सिस्टरने ही यादी एकदा स्वतः भरली की तिला आपल्या कक्षाकडे पाहण्याची नवी नजर येते. राष्ट्रीय प्रमाणपत्राला एकूण किमान 70 टक्के गुण लागतात.

अंतर्गत तपासनीसाचं प्रशिक्षण माणसाला उणिवा शोधायला उत्तम शिकवतं. उणीव भरून कशी काढायची, रुग्ण कल्याण समितीकडून निधी कसा मागायचा, ठेक्यावरच्या सफाई कर्मचाऱ्याला पिवळ्या आणि लाल पिशवीतला फरक दर दोन महिन्यांनी पुन्हा कसा शिकवायचा, हे तितकं हाताशी लागत नाही. शिवाय बदल्या. शिकलेली सिस्टर जूनमध्ये दुसऱ्या तालुक्याला जाते आणि कक्षाची गाडी परत पहिल्या फलाटावर. म्हणून प्रत्येक कक्षातून दोघींना शिकवावं, एकीला नव्हे. पूर्णवेळ याच कामात शिरायचं असेल, तर मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटने राष्ट्रीय आरोग्य प्रणाली संसाधन केंद्राबरोबर चालवलेली आरोग्यसेवा गुणवत्ता व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका हा भक्कम रस्ता. वॉर्डातल्या माणसाला त्याची गरज नाही.

ऑनलाइन: आयएचआय

अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट फॉर हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंटच्या ओपन स्कूलचे धडे रचनेने सुंदर आहेत. गुणवत्तेचे पाच, सुरक्षेचे पाच, आणि नेतृत्व, रुग्णकेंद्री सेवा व 'ट्रिपल एम'चे (लोकांचं आरोग्य, सेवेचा अनुभव आणि खर्च यांचा एकत्र विचार) एकेक. छोटा बदल छोट्या प्रमाणावर करून बघायचा, मोजायचा, मगच पसरवायचा, ही शिस्त इतकी स्वच्छ दुसरीकडे शिकवलेली दिसत नाही. रन चार्ट, म्हणजे काळाच्या ओघात आकडे मांडणारा आलेख, वाचायला शिकायचा असेल तर हेच धडे करा: मध्यकाच्या एकाच बाजूला सलग सहा बिंदू, किंवा सलग पाच बिंदू चढते वा उतरते, तरच काही बदललं असं म्हणायचं. मागच्या महिन्यात 4 जण पडले, या महिन्यात 2, म्हणून केक कापणाऱ्या समित्यांनी एवढा एक धडा तरी करावा.

अडचणी दोन. भाषा इंग्रजी, आणि जीएनएम-एएनएम हे नर्सिंगचे कोर्स झालेल्या मुलींना ते इंग्रजी जड जातं. त्या पुढे-पुढे ढकलत चाचणीची उत्तरं एकमेकींकडून घेतात. दुसरं, उदाहरणं तिकडची. तिथे शंभरचं इन्सुलिन हाच नेम, त्यामुळे लाल-नारिंगी टोपीचा घोळ त्या धड्यांत भेटणारच नाही. तिथे औषध बारकोड वाचून दिलं जातं, इथे एका सिस्टरकडे रात्री वीस रुग्ण. क्वालिटी टीम आणि कनिष्ठ डॉक्टरांसाठी जरूर घ्या, सरसकट सगळ्या स्टाफला लावू नका. घरचाच ट्रेनर तयार करायचा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचा रुग्णसुरक्षेचा 2011 चा अभ्यासक्रम फुकट मिळतो, अकरा विषय आहेत, त्यावरून मराठीत तास बांधता येतात.

सीपीएचक्यूबद्दल थोडक्यात. तीन तास, 140 बहुपर्यायी प्रश्न, पास झाल्यावर दर दोन वर्षांनी 30 तासांचं शिक्षण दाखवून नूतनीकरण. दुबई, मस्कत, रियाधकडे क्वालिटी विभागात नोकरी शोधणाऱ्यांना या अक्षरांचा उपयोग होतो. हॉस्पिटलने आपल्या खर्चाने कुणाला पाठवण्याआधी दोनदा विचार करावा. या परीक्षेने वॉर्ड सुधारत नाही, माणसाचा बायोडेटा सुधारतो, आणि त्यात वाईट काही नाही.

ओटीचा (शस्त्रक्रियागृहाचा) प्रश्न वेगळा

शस्त्रक्रियेची सुरक्षा यादी प्रत्येक पॅकेजमध्ये असते. जागतिक आरोग्य संघटनेची 2008 ची, 19 मुद्द्यांची, तीन थांब्यांची: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी, रुग्ण ओटीबाहेर जाण्याआधी. 2009 मध्ये नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांचे आकडे आले, तेव्हा मृत्यूचं प्रमाण 1.5 वरून 0.8 टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचं 11 वरून 7 टक्क्यांवर आलेलं दिसलं. आपल्याकडे ती यादी शस्त्रक्रिया संपल्यावर ओटी टेक्निशियन एकटा बसून भरतो. चीर देण्याआधीच्या तासाभरात अँटिबायोटिक गेलं का, हा मुद्दा दुपारी चारला टिक करून काय साधणार? हे ट्रेनिंग हॉलमध्ये घेऊच नये. ओटीत, पहिल्या केसच्या आधी, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि स्क्रब सिस्टर यांना उभं करून, यादी मोठ्याने वाचून घ्यावं. व्हिजिटिंग सर्जन ट्रेनिंगला येत नाहीत, ही सगळीकडची रड आहे. त्यांना बोलावण्याऐवजी ट्रेनरलाच त्यांच्या लिस्टच्या दिवशी सकाळी साडेसातला पाठवा. भूलतज्ज्ञ बाजूने असला की काम सोपं जातं, कारण तो थांबला की सगळे थांबतात.

करार करताना

बॅच पंचवीसच्या वर नको. शिकवणं मराठीत, औषधांची आणि उपकरणांची नावं जशी वॉर्डात बोलतात तशीच. आधीची आणि नंतरची चाचणी एकाच प्रश्नपत्रिकेची असेल तर गुण वाढणारच, त्याला भुलू नका. नंतरची चाचणी महिन्याने, वॉर्डात, हातात वस्तू देऊन घ्यायला सांगा. ट्रेनिंग आवडलं का, हा फॉर्म समोशाची चव मोजतो. त्याऐवजी आधी आणि नंतर तीन गोष्टी मोजून घ्या: ओळख विचारूनच औषध दिलं का, फोनवरची ऑर्डर वाचून दाखवली का, आणि घटनांच्या नोंदी किती आल्या. निरीक्षण हळूच, फाइल हातात न धरता करायचं; तपासणारा दिसला की सगळेच नियमाने वागतात. हे काम एजन्सीने नव्हे, तुमच्याच दुसऱ्या वॉर्डाच्या इनचार्जने करावं.

एकूण रकमेतला तिसरा हिस्सा 90 दिवसांनंतरच्या फेरीवर ठेवा. जी एजन्सी याला लगेच तयार होते तिच्यात दम असतो. स्लाइड आणि सरावाचं साहित्य तुमच्याकडे राहील, हे लिहून घ्या, कारण नवीन सिस्टर दर महिन्याला येतात आणि प्रत्येक वेळी एजन्सी बोलावणं परवडत नाही.

आणि मावशी, वॉर्डबॉय मामा, सिक्युरिटी, लिफ्टमन, कँटीनचा पोरगा यांची बॅच वेगळी, ड्युटीच्या वेळेत, पगार न कापता घ्या. रुग्ण बाथरूमला जाताना पडतो तेव्हा जवळ असते ती मावशी. सुई टोचते ती कचरा उचलणाऱ्याला. त्याने जखम न पिळता वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची, लगेच कॅज्युअल्टीत जायचं, एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध सुरू करायचं तर शक्यतो दोन तासांत आणि 72 तासांच्या आतच, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ठेकेदाराची माणसं आहेत, आमच्या पटावर नाहीत, असं एचआर म्हणेल. ठेक्याच्या करारात प्रशिक्षणाचे तास घाला आणि ते भरल्याशिवाय बिल पास करू नका.